प्रेशरकाकूंनी लावलेला चाप

तिला खरं नाव होतं, पण ते शिवणखान्याच्या हजेरीपलीकडे कुणी घेत नव्हतं. नवरा नळदुरुस्तीवाला. कुणाची मोरी तुंबो, कुणाचा संडास भरून वर येवो, त्याचं औषध एकच. "प्रेशर मारा! निघत नाही म्हणजे काय, त्याचा बाप निघेल!" गल्लीने त्याचा प्रेशरकाका करून टाकला आणि त्याच्यामागोमाग ही झाली प्रेशरकाकू. आता हिने जन्मात कुणावर प्रेशर आणलं असेल तर शपथ! आणलं ते सगळं हिच्यावरच.

दिवसभर ती काजं पाडायच्या मशीनपाशी उभी असायची. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली की पाय सुजून भाकरीसारखे झालेले दिसायचे. तरी बसायची सोय नव्हती, कारण आत खाटेवर प्रेशरकाका होते. कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी बघायला चढले आणि शिडीसकट खाली आले. कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी जोडून दिलं, पण कित्येक आठवडे पडून राहायचं असं बजावलं. पडून राहणं, त्यात दुखण्याच्या कडक गोळ्या. पोटाने संप पुकारला.

दवाखान्यातल्या सिस्टरने तिला एनिमा द्यायला शिकवलं. सिस्टर बुटकी, तोंडाने फटकळ, पण शिकवताना मात्र जीव ओतून शिकवलं. आधी पोट सैल व्हायचं औषध, भरपूर पाणी. त्याने नाहीच झालं आणि डॉक्टर हो म्हणाले, तरच एनिमा. डाव्या कुशीवर निजवायचं, गुडघा पोटाशी घ्यायचा, नळीच्या टोकाला जेली लावायची. पाणी कोमट, मनगटावर घेऊन बघायचं. नळी जोडलेला पाण्याचा डबा कमरेपासून हातभराच्या वर न्यायचा नाही. कळ आली की नळीला चाप लावून पाणी बंद करायचं आणि थांबायचं.

"आणि हे बघा," सिस्टर म्हणाली, "पोट फुगलंय, हात लावू देत नाही, उलटी होतेय, रक्त दिसतंय, तर डब्याला हातसुद्धा लावायचा नाही. उचलायचं आणि इकडे आणायचं. दिलेलं पाणी परत आलं नाही, तर वरून दुसरं ओतायचं नाही. कळलं?"

"कळलं," काकू म्हणाली. कळायला काय, तिला सगळं कळत होतं. खाटेवरच्या माणसाला कोण कळवणार?

"कोमट?" काका पहिल्याच दिवशी बिछान्यातून कडाडले. "कोमटाने चिकट सुटतं होय? उकळतं घे. आणि साबण घाल जरा."

"अहो, आतडं आहे ते, मोरी नाही."

"मोरी काय नि आतडं काय, शेवटी पाइपच! तीस वर्षं पाइपच उघडतोय मी. तो डबा त्या खिडकीच्या वरच्या खिळ्याला अडकव. उंचीशिवाय प्रेशर येत नाही, एवढंही कळत नाही तुला?"

काकूने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण लागतं. तिने त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि काकांचं तोंड आपोआप भिंतीकडे झालं.

"अडकवलास का खिळ्याला?"

"अडकवला."

डबा तिच्या हातात होता, त्यांच्या कमरेच्या जेमतेम वर. "पाणी उकळतं आहे ना?" "आहे." "साबण?" "घातलाय हो घातलाय." मनगटावरचं कोमट पाणी ती पदराला पुसत होती. काम झालं तेव्हा काका समाधानाने म्हणाले, "बघ! प्रेशर म्हणतात ते हे." ती तोंडावर पदर घेऊन हसली. सगळा संसार तिने असाच केला होता. तोंडाने हो म्हणायचं आणि हाताने आपलं शहाणपण चालवायचं.

पण पुढे पुढे काकांना रोजच एनिमा हवासा झाला. रोज दिलं तर आतडं आळशी होतं, असं सिस्टरने बजावलं होतं, आणि इथे काही थाप चालत नव्हती. एनिमा दिला किंवा नाही दिला, एवढंच. मग ती कधी उशिरा यायची, कधी जेली संपली म्हणायची. तरी खाटेवरून भुणभुण चालूच. शेजारणी विचारायच्या, "काय म्हणतात काका?" काय म्हणणार! सकाळ-संध्याकाळ पोट, पोट आणि पोट. तिला वाटायचं, आपण लग्न माणसाशी केलं की आतड्याशी? एकदा ती तांब्या धुताना मोठ्याने म्हणाली, "देवा, एक दिवस, एकच दिवस मला कुणी काही सांगू नये." आणि मग स्वतःचीच लाज वाटून गप्प झाली.

असं चालू असताना एक दिवस शिवणखान्यात मोठं काम आलं. दुपारच्या सुट्टीतही मशीन थांबलं नाही. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकत होता. घरी आली तर काकांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"आलीस? चल, डबा भर. तीन दिवस कोंडलंय. आज जोरात लाव."

खाटेखालचं फडकं ओलं होतं. तिने उचललं तर आंबूस वास आला.

"उलटी झाली?"

"चहा बाधला असेल. तू बोलत बसू नको, डबा भर."

आणि तिने भरला. थकलेल्या माणसाचे हात डोक्याला विचारत नाहीत. पाणी कोमट केलं, मनगटावर बघितलं, नळीतली हवा निघून जावी म्हणून थोडं पाणी तसराळ्यात सोडलं आणि चाप लावला. मग कुशीवर वळवायला म्हणून त्यांच्या पोटावरून हात घातला, तसे काका असे ओरडले की ती दचकून मागे सरली. पोट टम्म फुगलेलं, घट्ट.

"थांबलीस का? सोड पाणी!"

ती डबा हातात घेऊन उभी राहिली. काका भिंतीकडे तोंड करायच्या आधीच तिने डबा जमिनीवर ठेवला.

"आज नाही देणार मी."

"काय?"

"नाही देणार. दवाखान्यात जायचंय."

तिच्या तोंडून सरळ 'नाही' असं कधी निघालं असेल, तर ते तिला आठवत नव्हतं. काकांनाही नाही. ते आधी चकित झाले, मग भडकले. मूर्ख म्हणाले, कामचुकार म्हणाले, नवरा मरणाच्या दारात आणि हिला दोन मिनिटं हात वर धरवत नाही म्हणाले.  तिने खालच्या दुकानदाराला हाक मारली आणि त्याच्या टेम्पोत गादीसकट त्यांना घातलं. रस्ताभर शिव्या चालू होत्या. दवाखाना जवळ आला तशा त्या थांबल्या, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

आतडं स्वतःभोवती पिळलं गेलं होतं. लगेच ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती, घाबरून उठली. "वाचले," डॉक्टर म्हणाले. "फुगून पातळ झालं होतं. अशात आत पाणी भरलं असतं तर आतडं फाटलंच असतं. मग आमच्याही हातात काही राहिलं नसतं." सिस्टरने तिची पाठ थोपटली. फोनवर सासरी असलेली मुलगी रडत रडत म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून." काकू फक्त हुं हुं करत राहिली. तिला उशाला काहीतरी घेऊन आडवं व्हायचं होतं, बस.

बोलण्याइतकी ताकद आली तेव्हाही काका गप्पच होते. हे तिला नवीन होतं. ती पाणी पाजत होती, चादर सारखी करत होती, आणि ते तिच्याकडे बघत होते. अखेर एका दुपारी म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तेव्हा डबा खाली ठेवलास. मला वाटलं, संपलं. कंटाळली ही. आता करणार नाही माझं काही." त्यांचा आवाज बारीक झाला. "कंटाळली होतीस ना?"

सिस्टरने पाठ थोपटली होती, मुलगी रडली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"कंटाळले होते," ती म्हणाली. "इतकी कंटाळले होते, की तुम्हाला सांगू नये. हात तुटत होता माझा. पण कंटाळून केलं असतं ना, तर तुम्ही म्हणत होतात तसंच केलं असतं. डबा खिळ्याला अडकवून सगळं पाणी सोडलं असतं आणि पाठ टेकली असती. तेच सोपं होतं."

 खाटेच्या कडेला थोडी जागा होती, तिथे काकांनी हात ठेवला आणि म्हणाले, "बस जरा."

ती बसली.