बाबांचे डोळे आणि मोरपंखी साडी

बाबांचं मरणाबद्दलचं मत आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. "गेलो की गेलो. आत्मा-बित्मा काही नाही. वर बसून तुमच्याकडे बघायला मी रिकामा नाही." जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, शेरा मारून विषय बंद करायचा. आम्ही बौद्ध, त्यामुळे आत्मा नाही हे मान्यच होतं. पण शेजारच्या काकू पितृपक्षात पान वाढायला लागल्या की आई हळवी व्हायची. "त्यांची माणसं वर्षातून एकदा तरी येतात," म्हणायची.

बाबा गेले त्या सकाळी, त्यांनी बजावून ठेवलं होतं त्याप्रमाणे, आम्ही नेत्रदान केलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्ते येऊन गेले, पाहुणे जेवून गेले, आणि आईने घराबाहेर पडणंच बंद केलं. एरवी ती बाबांना घेऊन कोथरूडहून मुद्दाम मंडईत जायची. आता म्हणायची, "कशाला? बघणारं कोण आहे?" चार घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. बाबांपाठोपाठ हीसुद्धा जाते की काय, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

मग नेत्रपेढीतून फोन आला. बाबांच्या डोळ्यांमुळे दोन जणांना दिसायला लागलं होतं. कोण, कुठले, ते सांगत नाहीत. "पुण्यातलेच असणार," आईने परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती मोरपंखी साडी नेसून दारात उभी. "चल, मंडईत."

"भाजीला एवढी चांगली साडी?"

"कोण बघत असेल, काय सांगावं!"

मी तिला समजावलं. अगं, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा तेवढा बसवतात. खिडकीची काच समज. आतून बघणारा माणूस वेगळाच असतो.

"काच तर ह्यांचीच ना?" आई म्हणाली. "आणि मी आत्मा मानत नाही हं. डोळे मानते."

मी गाडीची किल्ली घेतली.

मंडईत तिने वांगी दाबून दाबून पाहिली. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "आजी, घ्यायचीत की भरीत इथेच करायचंय?" आई खळखळून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी वांगी जरा जास्तच घेतली.

परतताना सिग्नलला थांबलो. माझं हेल्मेट नेहमीप्रमाणे आरशाला लटकलेलं. बाबांचा याच्यावरून रोज आरडाओरडा व्हायचा. शेजारच्या स्कूटरवरचे एक गृहस्थ आमच्याकडे टक लावून बघत होते. त्यांना बहुधा साडी आवडली असावी. मी मुकाट्याने हेल्मेट चढवलं.

मागून आईने पाठीवर थोपटलं. "बघितलं हं त्यांनी."

बाबा कुठेही नाहीत, हे मला पूर्ण पटलेलं आहे. तरी घर येईपर्यंत मी रडत होते. हेल्मेटची काच खाली होती म्हणून कुणाला दिसलं नाही.