आमच्या तग्रीदसाठी देशाला मागणी

माझी धाकटी बहीण तग्रीद परराष्ट्र खात्यात लागली, तेव्हा आमच्या आईला वाटलं, आता ही राजेलोकांच्या पंगतीत बसणार. कसलं काय. सुरुवातीची वर्षं अम्मानच्या ऑफिसात पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावण्यात गेली. मग परदेशी पाठवली, तर तिथे पासपोर्ट हरवलेल्या आपल्याच लोकांची रडगाणी ऐकायची. एकदा आमच्या एका मंत्र्याची बॅग विमानात राहिली, तर हिने त्याला वकिलातीतल्या ड्रायव्हरचा सूट चढवून बैठकीला पाठवलं. बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या म्हणे, पण करार झाला. अशी घासत घासत वर चढली पोरगी. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी राजदूत होऊ दे, मग बघू."

आणि खरंच नाव निघालं. एका थंडगार देशात राजदूत म्हणून. पण परराष्ट्र खात्यांची रीत अशी, की नाव आधी गुपचूप त्या देशाला कळवायचं आणि त्यांचा होकार आला की मगच तोंड उघडायचं. माणूस नको असेल तर नकार कोणी देत नाही, नुसते गप्प बसतात. तग्रीदने आईला शपथ घालून हे सांगितलं. आईने फक्त काकूच्या कानात सांगितलं. दिवस मावळायच्या आत आमच्या सल्त गावभर बोभाटा. लोक मिठाई घेऊन दारात उभे.

महिने गेले, होकार येईना. "गप्प बसलेत, ताई," तग्रीद म्हणाली. "झालं माझं. आता निवृत्त होईपर्यंत खुर्च्याच मांडते." मला रडूच आलं.

वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द अबू सतम काकांचा. ते मिशीला पीळ देत म्हणाले, "होकार येत नाही म्हणजे काय? कोणी मागायला गेलं होतं का?"

"काका, असं मागायला जात नसतात," तग्रीद म्हणाली.

"म्हणूनच अडलंय."

घ्या. आमच्यात मुलीला मागणी घालायला मुलाकडचे जाणते पुरुष जातात. पुढ्यात कॉफी येते, पण त्यांतला म्होरक्या ती पीत नाही. मुलीकडचे "घ्या कॉफी, मागणं मान्य" म्हणाले, की मग प्यायची. इथे मुलगी आमची, तरी मागायलाही आम्हीच! दुसऱ्या दिवशी आमचे गाडीभर म्हातारे झगे चढवून त्या देशाच्या वकिलातीत जाऊन बसले. तग्रीदला कळलं तशी ती मला घेऊन धावत सुटली. आम्ही पोचलो तर काकांनी कप समोर ठेवून दिलेला आणि त्यांचं सुरू, "आमची पोर तुमच्या देशाने पदरात घ्यावी."

"काका, प्या ती कॉफी. माझी नोकरी जाईल," तग्रीद दबक्या आवाजात म्हणाली. काकांनी कप बोटभर आणखी लांब सरकवला.

तिथला राजदूत म्हणजे उंच, लाजाळू गडी. त्याच्या सेक्रेटरीने कानात सगळं समजावलं, तसा तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. "मी फक्त वर कळवू शकतो." काका कॉफी तशीच ठेवून उठले. परतताना गाडीत तग्रीद एवढंच बोलली, "सत्यानाश केलात."

पुढच्या शुक्रवारी आमच्या बैठकीत मन्सफवर, म्हणजे आमच्याकडच्या दह्यातल्या मटण-भातावर, ताव मारणं चाललं होतं. दारात गाडी थांबली आणि तो राजदूत उतरला, अंगात झगा, तोही घोट्याच्या वीतभर वर. मागे त्याचे दोन कारकून, तेही झग्यात. आम्ही बायका हसून हसून बेजार. कॉफी आली. त्याने कप खाली ठेवला आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, "होकाराचा कागद काल संध्याकाळीच तुमच्या खात्यात पोचलाय. पण मागणी रीतीने व्हावी. माझ्या देशासाठी तुमची मुलगी मागायला आलोय."

काका उत्तर द्यायला पुढे सरकले. आमच्या घरात हे उत्तर पुरुषच देतात. माझ्या मागणीच्या वेळी मी आत स्वयंपाकघरात होते, बाहेरचा गलबला ऐकून कळलं की माझं ठरलं.

काका थांबले. तग्रीदकडे वळून म्हणाले, "पोरी, तूच सांग. काय म्हणू?"

साऱ्या जगाशी गोड बोलून पोट भरणारी माझी बहीण, तिला शब्द सापडेना. ती उठली आणि तिने त्याचा खाली ठेवलेला कप उचलून स्वतःच्या हाताने त्याला कॉफी दिली.