सगळ्यांना एकदम

माझी धाकटी जाऊ क्लाउडची नेटवर्क आखते, तीही जुन्या, हट्टी प्रोग्रामांसाठी. असाच एक प्रोग्राम अंध मुलांच्या शाळेचा होता. बाई एका जागेवरून शिकवत आणि सहा गावांतली मुलं हेडफोनवर ऐकत. तो क्लाउडवर नेला आणि पंचाईत झाली. तिथे एकच हाक सगळ्यांना एकदम जाईना. प्रत्येकाला वेगळी पाठवावी लागे. यादीतल्या शेवटच्या मुलीला ती दोन सेकंद उशिरा पोचे. तोवर बाकीचे उत्तर देऊन मोकळे होत. हळूहळू तिने बोलणंच सोडलं.

"दोन सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय?" तिचा नवरा, माझे दीर, जेवताना म्हणाले.

"तुला विनोद कळायला तेवढेच लागतात," जाऊ म्हणाली. "पण ती पोर स्वतःला मठ्ठ समजायला लागलीय."

तीन आठवडे खपून तिने क्लाउडच्या आत आणखी एक नेटवर्क बसवलं. आता बाईंचा आवाज एकदाच आत येणार होता आणि सगळ्या मुलांकडे एकाच क्षणी निघणार होता.

चाचणीला आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. बाईंनी हत्ती-मुंगीचा विनोद सांगितला. क्षणभर कुणीच हसेना. जावेने माझं मनगट घट्ट धरलं.

मग सगळी मुलं एकदम ओरडली, "बाई, हा जुना झाला!"

स्क्रीनवर यादीतल्या शेवटच्या नावासमोरची आवाजाची रेघही इतरांबरोबरच उसळली. मागोमाग एक बारीक आवाज आला, "आणि बाई, शेवट चुकलात तुम्ही. मी सांगू?"