सगळं ब्येस हाय

दौंडजवळच्या त्या वृद्धाश्रमाचं प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून जात नाही. खबर दिली होती एका न्हाव्याने. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून तो तिथल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला जायचा. ठाण्यात येऊन म्हणाला, "साहेब, निमोण्याचे आबा पडल्यापासनं चार दिस खाटंवरच हायेत. पाय हलला की वरडत्यात. डॉक्टर कुणी आणंना."

मी जमादाराला घेऊन गेलो. व्यवस्थापकाने आधी चहा मागवला, मग समाजकल्याण खात्याचा तपासणी अहवाल पुढे केला. डॉक्टरची भेट, प्रत्येक खाटेला बेल, सगळ्यापुढे 'आहे' लिहिलेलं. आबांना विचारलं तर म्हणाले, "सगळं ब्येस हाय." विचारताना व्यवस्थापकाला बाहेर काढायचं मला सुचलं नाही, ही माझी चूक.

मी आबांच्या उशाजवळची बेल दाबली. आवाज नाही. "लाईट गेलीय साहेब," व्यवस्थापक म्हणाला. वर पंखा गरगरत होता. जमादाराने वायर ओढली, ती सरळ हातात आली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मला भयंकर संताप आला. व्यवस्थापकाला ठाण्यात बसवल्यावर तासाभरात त्याने कबुली दिली. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने नुसती बटणं बसवली होती, आणि डॉक्टर कित्येक महिने फिरकलाच नव्हता.

आबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. पुण्याला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथे मी जबाब घ्यायला गेलो, तर ते बोलायलाच तयार नाहीत.

"आबा, आता कुणाची भीती?"

"तुमचीच," ते म्हणाले. "मी बोलणार, तुम्ही कुलूप लावणार. मग आम्ही जायचं कुठं? त्याला आत टाका, पण आमचं छप्पर ऱ्हाऊ द्या."

कुलूप लावायचंच माझ्या मनात होतं. मी ओशाळलो. आश्रम चालू ठेवून सुधारावा, असं खात्याला लिहून देण्याचं कबूल केलं, तेव्हा आबांनी जबाबावर अंगठा उठवला.

गुन्हा दाखल झाला, विश्वस्तांनी व्यवस्थापक बदलला. खात्याच्या नव्या अधिकारी बाई न कळवता यायच्या आणि एकेका खाटेशी बसून बोलायच्या. एकदा मीही सोबत गेलो. वॉकर घेऊन चालणारे आबा नव्या व्यवस्थापकाच्या तोंडावर बाईंना म्हणाले, "लिवा बाई, आमटी लई पानचट आसती."

व्यवस्थापक खाली मान घालून हसला. कागदावर काय लिहिलंय, यापेक्षा तिथला माणूस मोकळेपणाने कुरकुर करतो का, हे पाहायला मी त्या दिवशी शिकलो. बाईंनी आमटीची तक्रार लिहून घेतली, आणि आबांनी ती परत वाचून दाखवायला लावली.