रोलरची सावली

गरम डांबराचा वास आला की मला मुकुटबनच्या रस्त्यावरची ती दुपार आठवते. आमच्या कामावर नवा रोलर आला होता, थंडगार केबिनचा, फिरत्या सीटचा, मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा. रोलर चालवणाऱ्या चाचांनी उभा जन्म जुन्या रोलरवर, अर्धं अंग बाहेर काढून आणि मान मागे वळवून काढलेला. नव्या सीटवर टेकल्या टेकल्या ते म्हणाले, "पाठीले लय बरं वाटून राह्यलं, साहेब." जणू मशीन मीच बनवलं, असा मी फुगलो. जेवणाची सुट्टी संपायच्या आतच डांबराचा डंपर आला. माल निवायच्या आत दाबायला हवा, म्हणून मी ओरडलो, "चाचा, घ्या लवकर!" पण चाचा वर चढायचं सोडून रोलरभोवती फिरायला लागले. ही त्यांची जुनी खोड. माझं डोकं सणकलं. "आता काहून फिरता? आत स्क्रीनवर दिसते ना सगळं!" चाचा पुढच्या चाकापाशी वाकून हलकेच म्हणाले, "उठ माय, गाडी काढतो." खडी पसरणारी बाई चाकाला पाठ लावून झोपली होती, ती डोळे चोळत उठली. त्या उजाड रस्त्यावर सावली होती ती तेवढीच. वर चढता चढता चाचा म्हणाले, "कॅमेरा मांगचं दाखवते, साहेब. सावली सरकून समोर गेलती." आता माझ्याही गाडीला कॅमेरा आहे. पण दुपारी गाडी काढताना मी आधी सावली कुठे पडली आहे ते बघतो.