गिटपिटचा बारावा लेवल

शालिग्रामराव गिरडकरांनी रेल्वेच्या रायपूर कचेरीत चौतीस वर्षं सूचना लिहिण्यात घालवली. कोणती गाडी उशिरा येणार, कोणता पूल बंद, कुठे थुंकू नये. त्यांच्या अक्षरातला कागद भिंतीवर लागला की निदान कचेरीतले लोक तरी तो वाचत. घरात मात्र त्यांच्या सूचनांना काडीची किंमत नव्हती, आणि निवृत्तीनंतर त्या लावायला घराशिवाय दुसरी जागाही उरली नव्हती.

गेला महिनाभर त्यांचा जीव एका खारीने खाल्ला होता. माळ्यावरच्या पेटीत, निधीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या जुन्या वह्यांखाली, हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम सापडला होता. राखाडी रंगाचा, इवल्याशा पडद्याचा. लहान पोरांच्या कार्टूनमधली गिटपिट नावाची खार त्यात फळीवरून फळीवर उड्या मारायची, अक्रोड गोळा करायची आणि चुकली की धप्पकन पाण्यात पडायची. एकूण लेवल बारा. पडायची मुभा तीनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे आपण कुठवर आलो हे त्या डबड्याच्या लक्षातच राहत नसे. बंद केलं की संपलं.

"कोण्या गाढवानं बनवलं हे?" असं ते रोज विचारत आणि रोज जेवण आटोपलं की पुन्हा अंगठे चोळत बसत.

हौस म्हणून बसत होते असं नाही. एकवीस वर्षांपूर्वी निधी दहावीत होती. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली आणि पोरगी बाराव्या लेवलवर पोहोचलेली. शालिग्रामरावांचं डोकं फिरलं. त्यांनी तिच्या हातून गेम ओढला, मागचं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून घेतले. निधी रडली नाही की भांडली नाही. गेम पेटीत ठेवून अभ्यासाला बसली, आणि त्यानंतर तिने त्याला कधी हात लावला नाही. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, रायपुरातच पण वेगळी, तेलीबांध्याला राहायला गेली. बापाशी नीटच वागे. पण यांच्या मनात ते सलत राहिलं. तिला पुन्हा त्या बाराव्या लेवलपर्यंत आणून सोडलं की फिट्टंफाट, तोंडाने काही बोलायला नको, असा त्यांचा बेत होता.

नवरात्रातल्या अष्टमीला गिटपिट एकदाची बाराव्या लेवलवर पोहोचली. शेवटचा पूल तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी निधी जेवायला येणार होती, तो तिनेच ओलांडावा म्हणून शालिग्रामरावांनी खेळ तिथेच थांबवला. सेलवर त्यांचा भरवसा नव्हता. आधी अडॅप्टर जोडला, मग ते काढून यंत्र विजेवर चालू ठेवलं आणि शेजारी लाल शाईत सूचना लावली, 'यंत्र चालू आहे. कृपया हात लावू नये.' खाली तेच हिंदीत, शिवाय तारीख आणि सही.

सकाळी खंडेनवमी. ते आंघोळ करून बाहेर आले तर देवघरापुढच्या पाटावर विळी, कात्री आणि पाना मांडलेला, आणि मधोमध त्यांचा गेम. विझलेल्या पडद्यावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. वायर छान गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"सरोजिनी, कागद वाचला नाही का तू?"

"वाचला ना," बायको शांतपणे म्हणाली. "पण पूजेसाठी उचललं, ते काय हात लावणं होते? आज अवजारांनी आराम करायचा असते."

"हे अवजार आहे?"

"मंग काय. दिवसभर तेच तं करून राहिले तुम्ही. मागच्या साली पूजेत तुमचं काहीच नव्हतं. पेन नाही, शिक्का नाही. मले कसंतरीच वाटलं."

आता या बाईवर ओरडायचं तरी कसं? शालिग्रामराव पाटासमोर बसले. महिनाभराच्या उड्या एका कुंकवाच्या बोटात गेल्या होत्या आणि राग काढायला घरात जागा नव्हती.

दुपारी निधी आली. आईने सगळं सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. रायपुरात वाढलेली ती घरातही हिंदीच बोलायची.

"अब पता चला, बाबा, कैसा लगता है?"

"तुले शेवटचा लेवल दाखवाचा होता," ते चिडून म्हणाले. "त्याच्यासाठी मरून राहिलो होतो महिनाभर."

निधीचं हसू ओसरलं. "लेवल का किसको पड़ा था. मैं तो रोज़ देखती थी कि आप सेल वापस लगाओगे. फिर एक दिन लाइट गई और आपने टॉर्च जलाई. वही दोनों सेल थे."

ते त्यांना आठवलं. चांगले सेल वाया कशाला घालवायचे म्हणून त्यांनीच टॉर्चमध्ये टाकले होते.

"तेव्हा काहून बोलली नाही?"

"आप सुनते?"

शालिग्रामरावांनी तडक पाटावरच्या गेमकडे हात नेला. "आज नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "उद्या." म्हणजे पुन्हा वाट पाहणं आलंच.

दसऱ्याला निधी सोनं द्यायला आली आणि पाया पडली. त्यांनी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, आणि गेमबरोबर एक कागदाची पुडी. आत दोन कोरे सेल होते. कागदावर लाल शाईत ते वाक्य होतं, जे त्यांनी परक्यांच्या उशिरा येणाऱ्या गाड्यांसाठी जन्मभर लिहिलं आणि एकदाही मनापासून लिहिलं नव्हतं. 'असुविधा के लिए हमें खेद है.' खाली सही. तारीख मात्र एकवीस वर्षांपूर्वीच्या मार्चमधली.

निधीने कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सेल बसवले. पहिल्याच खड्ड्यात गिटपिट पाण्यात पडली.

"थोडं आधी दाबा लागते," शालिग्रामराव वैतागून म्हणाले. "इतकं सोपं आहे."

"दाखवा ना मंग," निधी म्हणाली, चक्क मराठीत, आणि त्यांना बसायला जागा करून दिली.