थळकरबाईंनी जमवलेले स्थळ

विषय: कै. मिरियमबाई थळकर यांची खरी हकीकत. लिहिणार: शालोम नवगावकर, इंग्रजी चार इयत्ता, पूर्वी ठाण्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याचा व्यवसाय, हल्ली मुक्काम अश्दोद, इस्राएल. साक्षीदार: बाईंच्या जाऊ दीनाबाई, आणि दवाखान्यातील हर्मनबाई, ज्यांचे मूळ नाव नोमी आहे. त्याचा खुलासा पुढे येईल. काळ: सदुसष्टच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यापासून आजतागायत.

बाईंचे आडनाव थळकर आणि धंदा स्थळे जमवण्याचा. मुंबईत त्यांनी आमच्या निम्म्या मराठी ज्यू समाजाची लग्ने लावली होती. इथे आल्यावर मुले सैन्यात जाऊन परस्पर जमवू लागली, कोणी इराकी आणली, कोणी मोरोक्कोची. धंदा बसला. तेव्हा बाईंची नजर देणगीदारांकडे वळली. ते परदेशातून बस भरभरून येत आणि जी वस्तू देत तिच्यावर वडिलांचे नाव कोरत. आमच्या चौकातील बाकावर घटकाभर टेकलेल्या माणसाच्या पाठीवर शिकागोचे कोणाचे तरी आजोबा उमटत.

“देणगीदार म्हणजे उपवर मुलगा,” बाई म्हणत. “घाईत असतो आणि जिच्या अंगावर दागिने तिच्याकडेच बघतो. मुलगी आपण दाखवायची असते.”

त्यांच्या म्हणण्याला पुरावा होता. एका कुटुंबाने आम्हाला वाचनालय बांधून दिले. उद्घाटनाला वाजंत्री आली. पुढे दिव्याचे बिल कोणी भरायचे, किल्ली कोणी सांभाळायची, हे कोणालाच माहीत नव्हते. आत कबुतरे राहू लागली. तिकडून जाताना बाई न चुकता म्हणत, “लग्न थाटात झालं. संसाराला दमडी नाही.”

आता मुख्य मुद्दा. बाईंचे यजमान एझराभाऊ यांना एके सकाळी घाम फुटला. त्यांना हिब्रू येत नव्हते आणि दवाखान्यातले डॉक्टर रुमानियाचे. सोबत सुटीवर आलेला पुतण्या होता, इथेच वाढलेला. एझराभाऊ म्हणाले, जीव घाबरतोय. पुतण्याने प्रामाणिकपणे सांगितले, “हू मेफाखेद”, म्हणजे तो भितो आहे. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, लढाई संपली, आता भिण्याचे कारण नाही, असा धीर दिला आणि घरी पाठवले. संध्याकाळी एझराभाऊ गेले. बाईंनी पुतण्याला एका शब्दाने दोष दिला नाही. शिवा, म्हणजे सात दिवसांचे सुतक, बसून उठल्यावर मात्र त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “शालोम, दवाखान्यात मराठी जाणणारी एक बाई बसवायची. पगारी. त्याला स्थळ बघ.”

स्थळ आले. हर्मन नावाच्या अमेरिकन गृहस्थाचे दोन मुलगे, वडील नुकतेच वारलेले, मनात संगमरवरी सभागृह. माझ्यासारखा दुभाषी मिळाला हे त्यांचे भाग्य. बाईंनी त्यांना जागा दाखवायला न नेता थेट दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवले. समोर दीनाबाई नातीकरवी डॉक्टरांना सांगत होत्या की पोटात आग पडली आहे. नातीने आग लागल्याचे सांगितले. डॉक्टरांनी कुठे, म्हणून खिडकीबाहेर पाहिले. मुलगे हसले. मग बाईंनी एझराभाऊंची गोष्ट सांगितली, मी ती इंग्रजीत केली, आणि हसणे थांबले.

तरी थोरल्याची अडचण सुटेना. बाईच्या पगारावर वडिलांचे नाव लावायचे कुठे?

“त्याला विचार,” बाई मला म्हणाल्या, “बापाचा दगड करायचाय की हाक?”

हे वाक्य इंग्रजीत नेताना मला पाणी प्यावे लागले, पण नेले. धाकट्याने डोळे पुसले. नोमी नेमली गेली आणि तिच्या छातीवर हर्मन असा बिल्ला लागला. आमच्या म्हाताऱ्यांनी बिल्ल्यावरचे नाव तिचेच समजून तिला हर्मनबाई म्हणायला सुरुवात केली. त्या सद्गृहस्थांनी अश्दोद कधी पाहिले नव्हते. आता त्यांच्या नावाने रोज कोणीतरी हाक मारते आणि आपले दुखणे सांगते. इतका लाभ संगमरवराने कोणाला दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंचाही जीव घाबरला. हर्मनबाईंनी डॉक्टरांना अचूक शब्द सांगितला. इलाज झाला, पण वयापुढे चालला नाही. खाटेवरून बाईंनी मला विचारले, “डॉक्टरला कळलं ना? मग मरायला हरकत नाही.”

आता हर्मन कुटुंबाच्या नव्या पिढीचे पत्र आले आहे. त्यांनी शिकलेला सल्लागार नेमला असून यापुढे दान विचारपूर्वक होणार आहे. सल्लागाराचे पहिले कलम, आधी गरज पाहावी. दुसरे, किरकोळ पगार बंद करावेत. तिसरे, मिरियमबाईंच्या स्मरणार्थ चौकात संगमरवरी कारंजे बांधावे, आणि त्यावर कोरण्यासाठी बाईंचा नावलौकिक आम्ही लिहून पाठवावा.

सबब हर्मन कुटुंबास विनंती की पहिले कलम कायम ठेवून पुढील दोन रद्द करावीत, आणि सल्लागारांनी एकदा येऊन आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसावे. कारंज्यावर कोरायचा बाईंचा नावलौकिक वर दिला आहे. तो लोकांच्या तोंडी राहू द्यावा. उत्तर कृपया सत्वर द्यावे. पत्र आल्यापासून इथे पुष्कळांचा जीव घाबरतो आहे, आणि याचा अर्थ आम्ही भितो असा कृपा करून घेऊ नये.